आठव्या दिवसाची भाकरी

नारायणगावातून खोडदच्या रस्त्याला लागलं, की कालव्यापलीकडं एक वस्ती आहे. जुनं घर, पुढं पत्र्याची शेड, शेडमध्ये टोमॅटोच्या क्रेटांची थप्पी. ओट्यावर उभं राहिलं की लांबवर जीएमआरटीच्या रेडिओ दुर्बिणींच्या जाळीदार परड्या दिसतात. ४५ मीटर व्यासाची एकेक परडी, आणि अशा एकूण ३०. जगभरचे शास्त्रज्ञ त्यांतून आकाशाचं ऐकत असतात. वस्तीवरच्या माणसांना मात्र त्यांचा उपयोग वाट सांगण्यापुरता: “परडीच्या अलीकडं वळा.”

त्या घरात दोन जावा. थोरली आणि धाकटी. नावं सांगून काही साधणार नाही, कारण अशा जावा बहुतेक घरांत असतात.

थोरली काटक. पहाटे उठून गोठा आवरायचा, सात वाजता तोडणीच्या बायकांबरोबर सरी धरायची आणि सगळ्यांच्या आधी बांधाला पोचायचं, ही तिची रीत. धाकटी अंगानं मोठी आणि स्वभावानं हळवी. दोन बाळंतपणांनंतर वजन वाढत गेलं ते ११२ किलोवर जाऊन थांबलं. पस्तिशीतच मधुमेह जडला. रात्री झोपेत श्वास अडकायचा आणि ती दचकून उठून बसायची. गुडघे इतके बोलायला लागले होते, की पंगतीला सगळे पाटावर आणि ही एकटी खुर्चीवर. हसणारे हसत. ती ताट गुडघ्यावर घेऊन खाली मान घालून जेवायची.

२०२३ च्या जुलैत टोमॅटोनं कधी नव्हे तो भाव घेतला. नारायणगावच्या बाजारात २० किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर पैसे मिळू लागले. ज्या घरानं कितीदा तरी माल मातीमोल भावानं दिला होता, क्वचित बांधाच्या कडेला ओतूनही दिला होता, त्या घरात पहिल्यांदा चार पैसे शिल्लक राहिले. त्या वर्षी अधिक श्रावण होता. नणंदेच्या नवऱ्याला धोंड्याचं जेवण झालं. पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार, कुरकुरीत भजी. जावई तृप्त होऊन गेले आणि त्याच रात्री थोरलीच्या उजव्या बरगडीखाली कळ उठली. कळ पाठीतून खांद्याच्या पात्यापर्यंत जायची. तिला वाटलं, पित्त झालं असेल. ओव्याचा काढा घेतला, कोकम घेतलं. पहाटेपर्यंत ती भिंतीला टेकून बसून होती.

सोनोग्राफीत दिसलं की पित्ताच्या पिशवीत खडे आहेत. पित्त तयार होतं यकृतात. यकृताखाली पेरूएवढी एक पिशवी असते, तीत ते साठतं. स्निग्ध काही खाल्लं की ती पिशवी आक्रसते आणि पित्त आतड्यात सोडते. तोंडाशी खडा अडकला असेल तर त्या आक्रसण्याचीच कळ होते. तुपाची धार थोरलीला एवढी महागात पडली ती यामुळं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी डिस्चार्ज. पोटावर चार छोट्या पट्ट्या. आणि आठव्या दिवशी थोरली चुलीपुढं बसून भाकऱ्या थापत होती.

मामांना, म्हणजे या दोघींच्या सासऱ्यांना, सगळं कॅलेंडरवर टिपून ठेवायची सवय. दूध किती घातलं, क्रेट किती गेले, मोटर कधी जळाली. त्या दिवशीच्या चौकोनात त्यांनी पेन्सिलीनं लिहिलं: ‘मोठीने भाकरी केली.’ आल्यागेल्याला ते पान दाखवून ते म्हणायचे, “आठ दिवसांत बाई उभी राहिली. याला म्हणायचं अंग.”

आत्याबाईंना, म्हणजे सासूला, या आठ दिवसांचं जे अप्रूप वाटलं त्यामागं एक जुनं दुखणं होतं. त्यांच्या सख्ख्या बहिणीचं हेच ऑपरेशन चाळीसेक वर्षांपूर्वी झालेलं. तेव्हा दुर्बीण नव्हती. उजव्या बरगडीखाली वीतभर चिरा देऊन पोट उघडायचे. बहीण दीड महिना अंथरुणाला होती आणि खोकला आला तरी उशी पोटाशी घट्ट धरायची. दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचं ऑपरेशन भारतात पहिल्यांदा केलं ते डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात, १९९० साली. त्याच्याही मागं गेलं तर १८८२ मध्ये बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी पित्ताशय काढण्याचं जगातलं पहिलं ऑपरेशन केलं, आणि तो रोगी सहा आठवड्यांनी घरी गेला होता. म्हणजे आत्याबाईंच्या बहिणीचा दीड महिना काही तिच्या नाजूकपणामुळं लागला नव्हता. पण आत्याबाईंना हे कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी बहिणीचे दिवस आणि सुनेचे दिवस शेजारी ठेवले आणि मनाशी ठरवलं, की सून खमकी.

मला इथं आत्याबाईंना दोष द्यावासा वाटत नाही. ज्यांनी आयुष्यात दुखणं एकाच प्रकारे पाहिलं, ती माणसं दुसऱ्याचं दुखणं त्याच मापानं मोजणार.

थोरलीचं पाहून धाकटीला धीर आला. कितीतरी वर्षं तिनं सगळं करून पाहिलं होतं. सकाळी गरम पाणी आणि मध, एकभुक्त राहणं, कालव्याच्या कडेनं चालणं. पाच किलो उतरायचे आणि सात चढायचे. इन्सुलिनचे युनिट वाढत चालले होते. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, की इतक्या वजनाला आणि अशा मधुमेहाला पथ्य एकटं पुरं पडत नाही, शस्त्रक्रियेचा विचार करा. नवऱ्यानं उचलून धरलं. “२०११ ला नितीन गडकरींनीपण वजनाचं ऑपरेशन करून घेतलं. आपण काही चोरी करत नाही.” शिल्लक राहिलेले टोमॅटोचे पैसे होतेच.

आळीत मात्र कुजबूज झाली. पैसे मोजून बारीक व्हायचं, कष्ट नकोत, असं बोलणं तिच्या कानावर आलं. मला त्या बोलण्याचा राग येतो. ज्या बाईनं पंधरा वर्षं भूक मारायचा प्रयत्न केला आणि शरीरानं दर वेळी ती दुप्पट करून परत दिली, तिनं कष्ट केले नाहीत असं म्हणायचा अधिकार कुणाला?

२ जानेवारी २०२४ ला पुण्यात ऑपरेशन झालं. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. मराठीत सांगायचं तर जठर उभं छाटून त्याची अरुंद नळी करायची. जठराचा पंचाहत्तर ते ऐंशी टक्के भाग कायमचा काढून टाकतात. चौथ्या दिवशी ती घरी आली. आत्याबाईंनी दार लावून पोट पाहिलं. पाच पट्ट्या.

“मोठीला चार, हिला पाच,” त्या बाहेर येऊन म्हणाल्या. “तेवढंच हाय. आठ दिवसांत व्हईल.”

झालं, तिथूनच मोजणी सुरू झाली.

धाकटीला डॉक्टरांनी छापील कागद दिला होता. पहिले दोन आठवडे फक्त पातळ: ताक, गाळलेलं डाळीचं पाणी, साय काढलेल्या दुधात प्रथिनांची पावडर. त्यानंतर दोन आठवडे वाटलेलं. त्यानंतर मऊ. नेहमीचं अन्न दीड-दोन महिन्यांनी, तेही वाटीभर. पाणी एकदम प्यायचं नाही, घोट घोट, आणि जेवताना तर नाहीच. आधी अर्धा तास, नंतर अर्धा तास. तिच्याकडं औषधाच्या बाटलीचं छोटं झाकण होतं. त्या झाकणानं ती पाणी प्यायची. एक झाकण, मग थांबायचं. छातीत ते उतरताना कळायचं, जणू अरुंद पाटातून पाणी सरकतंय. पुन्हा एक झाकण. दिवसभरात दीड लिटर पाणी पोटात जायला हवं, आणि ते झाकणा-झाकणानं न्यायचं, म्हणजे पाणी पिणं हेच तिचं दिवसभराचं काम झालं होतं. बघणाऱ्याला वाटायचं, बाई नुसती खाटेवर बसून आहे.

आठवा दिवस उजाडला. धाकटी उठून न्हाणीपर्यंत गेली आणि भिंत धरून परत आली. मामांनी पेन्सिल हातात घेतली आणि ठेवून दिली. कुणी काही बोललं नाही. पण त्या न बोलण्याचा आवाज तिनं बरोबर ऐकला. शेजारीण आली ती म्हणाली, “थोरलीनं या दिवशी भाकऱ्या थापल्या, माहितीये न?” नणंदेचा फोन आला, तिनंही तेच विचारलं. थोरली स्वयंपाकघरात होती. तिनं ऐकलं आणि ती गप्प राहिली.

१४ तारखेला भोगी. तिळाची बाजरीची भाकरी, लोणी, आणि भोगीची भाजी: हरभरा, घेवडा, वांगं, गाजर, बोरं, शेंगदाण्याचं कूट. घरभर वास. धाकटी आतल्या खोलीत ताकाचा पेला घेऊन बसलेली. आत्याबाई ताट घेऊन आत आल्या. त्यांच्या मनात मायाच होती, हे मी ठासून सांगतो. दोन आठवडे सून पाण्यावर आहे, चेहरा उतरलाय, हे त्यांना बघवत नव्हतं.

“न खाई भोगी तो सदा रोगी,” त्या म्हणाल्या. “एवढासा तुकडा खा. अन्न गेल्याबिगर ताकद कुठनं यायची? मोठीनं बघ…”

“आत्या, डॉक्टरांनी…”

“डॉक्टर पुण्याचा. त्याला भोगी काय ठावं?”

धाकटीला भूक नव्हती. जठराचा जो भाग काढतात, तिथंच भूक चाळवणारं संप्रेरक जास्त तयार होतं, त्यामुळं या ऑपरेशननंतर सुरुवातीला भूक जवळजवळ विझते. तिनं तो घास खाल्ला तो भुकेपोटी नाही. आपणही थोरलीसारख्या आहोत, एवढं एकदा सगळ्यांना दिसावं म्हणून खाल्ला. पाव भाकरी आणि दोन घास भाजी.

दहा मिनिटांत छातीच्या मध्यावर दगड ठेवल्यासारखं झालं. तोंडात पाणी सुटायला लागलं, फेसाळ, गिळता न येणारं. मग उलट्या. उलटीत आधी अन्न, मग नुसता फेस, मग काहीच नाही, पण उबळ थांबेना. अंगाला घाम. नवऱ्यानं मनगट धरलं तर नाडी पळत होती. क्रेट नेणारी पिकअप दारात उभी होती, पण तिच्यात हादरे बसतील म्हणून शेजाऱ्याची गाडी काढली. पुणे ७५ किलोमीटर. मंचर, राजगुरूनगर, चाकण. थोरली मागच्या सीटवर धाकटीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि हातात तसराळं धरून होती. चाकणला ट्रकांच्या रांगेत गाडी अडकली तेव्हा धाकटी म्हणाली, “ताई, मला नाही जमलं तुमच्यासारखं.”

थोरलीनं उत्तर दिलं नाही.

रात्री सीटी स्कॅन झाला. आतली टाक्यांची रेघ शाबूत होती. डॉक्टरांनी तीच भीती धरली होती. ती रेघ कुठं उसवली असती तर खाल्लेलं पोटात सांडलं असतं, आणि मग प्रकरण जिवावरचं. सलाईन लावलं, त्यातून जीवनसत्त्व ब-१ दिलं, कारण लागोपाठ उलट्या झाल्या की ते झपाट्यानं घटतं आणि त्याचा थेट मेंदूवर परिणाम होऊ शकतो. दोन दिवस ठेवून घेतलं.

सकाळी डॉक्टर राउंडला आले तेव्हा थोरली खाटेशी उभी होती. तिनं सरळ विचारलं, “साहेब, माझं पण दुर्बिणीचंच झालं. मला चार भोकं, हिला पाच. मी आठ दिवसांत उठले. मग हिला का नाय?”

डॉक्टर थांबले. घाईचा माणूस, पण खुर्ची ओढून बसला. केसपेपरच्या पाठीमागं त्यांनी दोन चित्रं काढली. मला वाटतं, या गोष्टीतला सगळ्यात मोलाचा कागद तोच.

“तुमच्या पोटातून काढली ती पिशवी,” ते म्हणाले. “तिचं काम साठवायचं. पन्नास मिलीसुद्धा पित्त मावत नाही तिच्यात. देठाला दोन-तीन क्लिपा लावल्या आणि खुडून घेतली. अन्न ज्या वाटेनं जातं त्या वाटेला आम्ही हातच लावला नाही. पित्त अजूनही यकृतात होतंय, आता साठत नाही, सरळ आतड्यात ठिबकतंय.”

“म्हंजे शेततळं बुजवलं,” थोरली म्हणाली, “आणि कालवा चालूच.”

“अगदी बरोबर. आणि हिचं बघा. हिच्या अन्नाच्या वाटेवरच काम केलंय. एवढं मोठं जठर होतं, आता केळ्याएवढी नळी उरलीय. आणि ही रेघ,” त्यांनी पेन वरपासून खालपर्यंत ओढलं, “वीतभर लांब आहे. सगळी टाक्यांची. ती बाहेरून दिसत नाही. तुम्हाला दिसतात त्या पट्ट्या. पट्ट्या दोघींच्या सारख्याच, त्यांच्याखाली काय केलंय ते सारखं नाही. हिला ही रेघ भरून यायला दीड-दोन महिने, खाणं नव्यानं शिकायला वर्ष, आणि ब-१२, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या जन्मभर. तुम्हाला पथ्य किती दिवस होतं?”

“दोन आठवडे तेलकट नको म्हणले होते.”

“बस. मग तुम्ही दोघी एका शर्यतीत कशा?”

डॉक्टर गेले. थोरली बराच वेळ तो कागद बघत राहिली. दुपारी धाकटीला जरा बरं वाटलं तेव्हा थोरलीनं पडदा ओढला, निऱ्या थोड्या खाली सरकवल्या आणि बेंबीपाशी बोट ठेवलं. लिंबाएवढा फुगवटा होता. खोकली तेव्हा तो बाहेर आला, दाबला तेव्हा आत गेला.

“हे कधीचं, ताई?”

“सप्टेंबरपासून.”

मग तिनं सगळं सांगितलं. आठव्या दिवशी भाकऱ्या थापल्या हे खरं. पण पहिले चार दिवस उजव्या खांद्यात असं दुखत होतं, की आडवं पडवत नव्हतं. ऑपरेशनच्या वेळी पोट फुगवायला जो वायू भरतात त्यानं छाती आणि पोटामधला पडदा डिवचला जातो आणि कळ खांद्यात उमटते. हे तिला नंतर कळलं. तेव्हा वाटलं होतं, हृदयाचं काहीतरी आहे. ती रात्रभर भिंतीला टेकून बसायची, पण बोलली नाही. पुढं महिनाभर जरा तुपातेलाचं खाल्लं की परसाकडं पळावं लागायचं. तेही कुणाला सांगितलं नाही. आणि भाकऱ्या थापल्यावर मामांनी कॅलेंडरवर लिहिलं, आल्यागेल्यानं शाबासकी दिली, ती गोड लागली. ऑगस्ट संपता संपता टोमॅटोचा भाव दिवसागणिक उतरायला लागला होता. जेवढा माल निघेल तेवढा बाहेर काढायची घाई. तिसऱ्या आठवड्यात तिनं क्रेट उचलायला घेतले. भरलेला क्रेट २० किलोचा. डॉक्टरांनी महिना-दीड महिना जड उचलू नका म्हणून बजावलं होतं. पण आठव्या दिवशी उठलेली बाई तिसऱ्या आठवड्यात बसून कशी राहणार? बेंबीतून दुर्बीण घातली होती, तिथला टाका आतून सैल झाला आणि हर्निया आला.

“तू माझ्याशी बरोबरी करत होतीस,” थोरली म्हणाली, “आणि मी आत्याबाईंनी गावभर सांगितलेल्या मोठीशी. ती मोठी कुठंच नव्हती गं.”

धाकटी रडली. थोरली रडली नाही. तिनं पडदा बाजूला केला, पाण्याची बाटली उघडली, झाकणात पाणी ओतलं आणि धाकटीच्या ओठांशी धरलं.

घरी परतल्यावर थोरलीनं एक केलं. मामांचं जुनं कॅलेंडर खुंटीला २०२४ च्या मागं टांगलेलंच होतं. ऑगस्टचं पान काढून तिनं मामांसमोर ठेवलं. आठव्या दिवसाच्या चौकोनात ‘मोठीने भाकरी केली’. तिसऱ्या आठवड्यातल्या एका चौकोनात, मामांच्याच अक्षरात, ‘मोठीने ४० क्रेट भरले’. तिनं त्या दुसऱ्या चौकोनावर बोट ठेवलं आणि हर्नियाचं सांगितलं. मामा वयानं पंच्याहत्तरीचे. त्यांनी चष्मा काढला आणि कितीतरी वेळ पुसत बसले. “माझ्या डोळ्यांदेखत उचललेस,” एवढंच म्हणाले.

आत्याबाईंना समजावण्याची वेळ आली नाही. त्यांना पुण्याहून फोनवर कळलं होतं, की भाकरीच्या तुकड्यानं हे झालं, तेव्हापासून त्या देवघरासमोरून हलल्या नव्हत्या. धाकटी आली तेव्हा त्यांनी पंचपात्रीजवळची जादा पळी घासून लख्ख करून तिच्या हातात दिली. पितळेची, लांब दांड्याची. “तीर्थ कसं घेतो, तसं पाणी पी,” म्हणाल्या. बाटलीचं झाकण गेलं आणि पळी आली. पुढं दोन महिने धाकटी त्या पळीनं पाणी प्यायली.

मामांनी डॉक्टरांचा छापील कागद कॅलेंडरवर उतरवला. कुठल्या तारखेपर्यंत पातळ, कुठल्या तारखेपासून वाटलेलं, रक्त तपासणी कधी. शेजारीण आली आणि म्हणाली, “अजून पातळच?” तर आत्याबाई म्हणाल्या, “कागदावर तसंच हाय.” वाद तिथंच संपला.

त्या कागदावर आणखी एक गोळी होती. अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड, सकाळ-संध्याकाळ, सहा महिने. धाकटीला वाटलं, वजनाची असेल. वजन उतरतंय, मग कशाला घ्यायची म्हणून चौथ्या आठवड्यात तिनं टाळायला सुरुवात केली. थोरलीनं डबी उघडून मोजलं आणि तिला धरलं. वजन झपाट्यानं उतरलं की यकृत पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडतं, खाणं कमी असल्यानं पिशवी नीट रिकामी होत नाही आणि खडे धरतात. अशा ऑपरेशननंतर कितीतरी जणांना ते होतात. ही गोळी त्यासाठीच. डॉक्टरांनी सांगितलं होतं, धाकटीनं ऐकलं नव्हतं, थोरलीनं मात्र कान देऊन ऐकलं होतं.

“बरगडीखालची ती कळ काय असते, ते मला विचार,” थोरली म्हणाली. “सगळं माझ्यासारखं करायला निघालीस, एवढं एक नको करूस.” रोज सकाळी चहाच्या आधी आणि रात्री भांडी घासून झाल्यावर ती गोळी हातावर ठेवायची आणि गिळेपर्यंत उभी राहायची. त्यानंतर सहा महिने पुरे होईपर्यंत एकही चुकली नाही.

धाकटीचं चालणं असंच वाढत गेलं. आधी ओट्यापासून विजेच्या खांबापर्यंत. मग कालव्यापर्यंत. मार्च संपला तेव्हा ती खोडदच्या रस्त्यानं परडीच्या दिशेनं दोन किलोमीटर जाऊन यायची. इन्सुलिन सुटलं. रात्रीचा श्वास मोकळा झाला. चौथ्या महिन्यात केस मूठ-मूठ गळायला लागले, तेव्हा ती पुन्हा घाबरली. डॉक्टर म्हणाले, वजन वेगानं उतरताना असं होतं, प्रथिनं नीट घ्या, परत येतात. थोरलीनं मटकी मऊ शिजवून, घोटून द्यायला सुरुवात केली. रोज साठ ग्रॅम प्रथिनं पोटात जातात का, याचा हिशेब मामांनी कॅलेंडरवर दुधाच्या शेजारी मांडला.

उन्हाळ्यात मुक्ताबाईची यात्रा आली. गावात तमाशाचे फड उतरले, पाहुण्यांना मासवडी झाली. धाकटीचं वजन तेव्हा ९१ होतं. ती पहिल्यांदा पाटावर, मांडी घालून, सगळ्यांबरोबर पंगतीला बसली. ताटात एक मासवडी, थोडा रस्सा, दोन घास भात. ती एकेक घास इतका चावत होती, की पाहुणे उठले तरी तिचं निम्मंही झालं नव्हतं. एका पाहुणीनं विचारलं, “आता तर पाच महिने होत आले. अजून एवढंच?”

थोरली वाढत होती. तिनं पातेलं खाली ठेवलं आणि म्हणाली, “तिचं पोट आता एवढंच आहे. एवढंच राहणार.” आणि पुढच्या पानावर वाढायला गेली.

हर्नियासाठी थोरलीला डॉक्टरांनी पट्टा दिला होता आणि सवडीनं ऑपरेशन करून घ्या म्हणून सांगितलं होतं. फुगवटा कडक झाला किंवा आत जाईना, तर मात्र त्याच घटकेला यायचं. तिनं सीझन जाऊ दिला. दिवाळी झाल्यावर, नोव्हेंबरात, नारायणगावातच ते ऑपरेशन झालं. आत जाळी बसवली. घरी आल्यावर मामांनी कॅलेंडर काढलं, डॉक्टरांचा कागद शेजारी धरला आणि सहा आठवडे पुढं मोजून एका चौकोनात लिहिलं: ‘इथपर्यंत मोठीने क्रेट उचलायचा नाही.’

तिनं उचलला नाही. ते सहा आठवडे घरातल्या भाकऱ्या धाकटीनं थापल्या.